मामा, माझा जॉब अटकलाय

रविवारी सकाळी इंदूरच्या राजेंद्र नगरात ताईकडे पोहे-जिलेबी घेऊन गेलो. दार भाचीनं उघडलं आणि 'या' म्हणायच्या आधीच म्हणाली, "मामा, माझा जॉब अटकलाय. कालपासून हलूनच नाही राहिला." ताईनं ते आतून ऐकलं आणि हातातला झारा घेऊनच बाहेर आली. "कुठला जॉब? कधी लागला? आम्हाला बोलली नाहीस ते!"

तर आधी हे सांगून टाकतो. क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा ताफा, आणि त्याच्या भाषेत जॉब म्हणजे नुसतं काम. संगणकाला दिलेली एक चिठ्ठी म्हणा हवं तर: मला इतके प्रोसेसर, इतकी मेमरी, इतका वेळ लागेल, आणि हे सगळं मिळालं की अमुक प्रोग्राम चालवायचा. चिठ्ठी रांगेत जाते. पाळी आली की काम सुरू होतं, संपलं की निकाल फाइलमध्ये पडतो. तेव्हा तुम्ही जागे असा, झोपलेले असा किंवा सराफ्यात गराडू खात उभे असा, त्याला काही देणंघेणं नसतं. भाचीची चिठ्ठी शनिवार संध्याकाळपासून रांगेत होती आणि पुढे सरकत नव्हती.

मी इंदूरजवळच्या एका संस्थेतला असाच एक क्लस्टर सांभाळतो. 'जॉब अटकलाय' हे वाक्य मला आठवड्यातून तीन-चारदा ऐकू येतं. यंत्र बिघडलंय असं फार क्वचित निघतं. बहुतेक वेळा चिठ्ठीत मागणी चुकलेली असते.

भाची सोयाबीनच्या वाणांवर पीएचडी करते. माळव्यात राहून सोयाबीन नाही तर काय करणार! सोयाबीनमध्ये गुणसूत्रांच्या २० जोड्या आणि डीएनएची सुमारे १.१ अब्ज अक्षरं. त्याचा पहिला संदर्भ-आराखडा २०१० साली प्रसिद्ध झाला. तिच्याकडे ४८ वाणांच्या डीएनएचे तुकडे आहेत, दीडशे-दीडशे अक्षरांच्या कोट्यवधी ओळी. प्रत्येक ओळ त्या आराखड्यात कुठे बसते ते शोधायचं. फाटलेल्या पोथीचे कपटे मूळ प्रतीवर जुळवत बसावं, तसं. लॅपटॉपवर एका वाणाला दीड दिवस लागला आणि पंखा असा घरघरला की ताई मिक्सर बंद करायला उठली. ४८ वाण म्हणजे ७२ दिवस. म्हणून गाइडनं तिला क्लस्टरवर खातं उघडून दिलं.

क्लस्टर पाहायला येणारी मंडळी बहुतेक हिरमुसून जातात. गारठलेली खोली, काळी कपाटं, त्यांत एकावर एक रचलेले चपटे संगणक, आणि आवाज इतका की बोलायला बाहेर यावं लागतं. बस्स. त्या प्रत्येक चपट्या संगणकाला नोड म्हणतात. आमच्याकडे ३२ नोड आहेत, प्रत्येकात ४० कोअर, म्हणजे स्वतंत्र राबणारे प्रोसेसर, आणि १९२ जीबी मेमरी. सगळे एका वेगवान नेटवर्कनं जोडलेले आणि सगळ्यांना एकच सामायिक डिस्क दिसते. एकेक नोड घेतला तर चांगल्या डेस्कटॉपचा थोरला भाऊ, यापलीकडे काही नाही. ताकद आहे ती संख्येत, आणि भांडणही तिथेच, कारण वापरणारे दीडशे आहेत आणि प्रत्येकाचं काम 'अर्जंट' आहे.

म्हणून मध्ये एक व्यवस्थापक बसवावा लागतो. आमच्याकडे स्लर्म नावाचा प्रोग्राम आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तो या शतकाच्या सुरुवातीला लिहिला गेला आणि आज जगातले बरेचसे महासंगणक त्याच्यावर चालतात. आपल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतून, म्हणजे २०१५ साली ४,५०० कोटींची तरतूद करून सी-डॅक आणि बेंगळुरूच्या आयआयएससीकडे सोपवलेल्या मोहिमेतून, उभी राहिलेली 'परम' यंत्रंही स्लर्मच वापरतात. काही ठिकाणी अजून पीबीएस नावाचा दुसरा व्यवस्थापक भेटतो. तो नासाच्या एम्स केंद्रासाठी १९९१ मध्ये लिहायला घेतला, म्हणजे पुण्यात 'परम ८०००' उभा राहिला त्याच वर्षी. कमांडची नावं वेगळी, पण एक शिकलात की दुसरा दोन दिवसांत येतो.

हा व्यवस्थापक कसा विचार करतो हे कळायला मंगल कार्यालयाच्या मॅनेजरकडे पाहावं. समोर जाड वही. सकाळी मुंज आहे, तिची पंगत दोनला उठेल. संध्याकाळी सातला रिसेप्शन, त्याची सजावट साडेपाचला सुरू. मधले साडेतीन तास हॉल रिकामा. तेवढ्यात भजनी मंडळाच्या बायका येतात: "आम्हाला दोनच तास द्या, चारला नक्की उठतो." मॅनेजर हो म्हणतो. रिसेप्शनवाल्यांनी महिनाभर आधी नाव नोंदवलंय, बायका आत्ता उगवल्या, तरी त्या आधी बसल्या, आणि रिसेप्शनचा एक मिनिटही उशीर झाला नाही. आता त्याच बायका म्हणाल्या असत्या, "काय सांगावं बाई, रंगलं तर रात्रही होईल," तर मॅनेजरनं वही मिटली असती.

स्लर्म हेच करतो आणि त्याला बॅकफिल म्हणतात. मोठ्या कामासाठी दहा नोड जमवताना काही नोड आधी रिकामे होतात आणि बाकीच्यांची वाट पाहत बसतात. त्या फटीत तो छोटी कामं सरकवतो, फक्त एका अटीवर: पुढच्या कामाची अंदाजी वेळ ढळता कामा नये. पण काम किती वेळ चालेल हे त्याला कळणार कुठून? तुम्ही सांगितलंत तेवढंच. तुमचा प्रोग्राम काय करतो, सोयाबीन आहे की हवामान, याची त्याला सुतराम कल्पना नसते. चिठ्ठीतले आकडे हीच त्याची सारी दुनिया.

पोहे खाता खाता भाचीचा लॅपटॉप उघडला. (कमांड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप होतात, इथे आम्ही बोलतो तशा लिहितोय. सुरुवातीचा 'एस' स्लर्मचा.) रांग पाहायची कमांड एस-क्यू. नुसती दिली तर दीडशे लोकांचे जॉब समोर येतात, म्हणून '--मी' जोडायचं, मग फक्त आपले. तिची एकच ओळ होती. अवस्थेच्या रकान्यात 'पीडी', म्हणजे पेंडिंग. लोक तेवढं वाचून थांबतात. खरी गोष्ट ओळीच्या शेवटी कंसात असते, तिथे कारण लिहिलेलं असतं.

तिथे 'प्रायॉरिटी' असेल तर तुमच्या पुढे आणखी कोणी आहे. 'रिसोर्सेस' असेल तर तुमचाच नंबर आहे, फक्त मागितलेली जागा अजून रिकामी झालेली नाही. या दोन्हींत करण्यासारखं काही नाही, चहा घ्यावा. 'डिपेंडन्सी' म्हणजे हा जॉब दुसऱ्या जॉबची वाट पाहतोय. त्याच्यापुढे 'नेव्हर सॅटिस्फाइड' आलं तर मात्र तो पहिला जॉब फसलेला आहे आणि हा बहुधा तसाच लटकत राहणार, काढून टाका. लिमिटचं काही नाव दिसलं तर तुमच्या ग्रुपचा वाटा भरलाय.

भाचीच्या ओळीत होतं 'नोड अव्हेलेबल नाही, मेंटेनन्ससाठी राखीव'. ती म्हणाली, "पण मामा, मेंटेनन्स तर बुधवारी आहे!" बरोबर. बुधवारी सकाळी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या, सगळे नोड बंद राहणार होते, मेल मीच पाठवला होता. मग शनिवारचा जॉब का अडावा? मी चिठ्ठी उघडली. वेळेच्या ओळीत तिनं सात दिवस मागितले होते.

"कमी पडायला नको म्हणून," ती म्हणाली.

शनिवार अधिक सात दिवस म्हणजे पुढचा शनिवार. मध्ये बुधवार येतो. व्यवस्थापकानं हिशोब केला की हा जॉब आत्ता सुरू केला तर बुधवारी अर्धवट मारावा लागेल, तेव्हा बॅटऱ्या बदलून झाल्यावरच बघू. हॉल रिकामा होता, मंडळ दारात उभं होतं, पण 'रात्रही होईल' असं लिहून दिलेलं.

रांगेतल्या जॉबची वेळ कमी करायला तो काढून परत टाकावा लागत नाही. एस-कंट्रोल नावाच्या कमांडनं ती आपली आपल्याला घटवता येते. वाढवता मात्र येत नाही. त्यासाठी माझ्यासारख्याला लाडीगोडी लावावी लागते. भाचीनं लगेच वेळ बदलली आणि अर्ध्या मिनिटात 'पीडी'च्या जागी 'आर' आलं. रनिंग. ताईलाही बोलावून दाखवलं. मग आम्ही जिलेबीकडे वळलो.

जिलेबी संपायच्या आत जॉब मेला.

तिनं टाइप केलं होतं '१०:००'. दहा तास या अर्थानं. स्लर्मच्या लेखी एकच विसर्गचिन्ह असेल तर ते मिनिटं आणि सेकंद. दहा तास हवे असतील तर '१०:००:००' असे तीन भाग लागतात. नुसतं '१०' लिहिलं तरी दहा मिनिटंच. मुदत संपली की आधी प्रोग्रामला आवरतं घ्यायचा इशारा जातो आणि साधारण तीस सेकंदांत थेट गळा. अशा जॉबपुढे 'टाइमआउट' लागतो. मेमरीतही असाच सापळा आहे: पुढे अक्षर नसेल तर आकडा एमबीमध्ये धरला जातो. '--मेम=१६' लिहून सोळा जीबी मिळतील म्हणून बसलेले दोन प्राध्यापक मी पाहिलेत. नावं सांगत नाही, पगारवाढीचा प्रश्न आहे.

मुदतीचं माझंही एक दुखणं आहे. विद्यार्थी असताना तीन दिवसांचा जॉब लावला होता, मुदत बरोब्बर ७२ तास. एकाहत्तराव्या तासाला मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. एखादा तासच लागला असता आणखी, पण मध्ये कुठेच काही साठवून ठेवलं नव्हतं. बहात्तर तास वाऱ्यावर. तेव्हापासून लांब चालणारं कोणतंही काम मी तासातासाला आपली अवस्था फाइलमध्ये टाकेल असंच लिहितो. याला चेकपॉइंट म्हणतात. पुष्कळ वैज्ञानिक प्रोग्रामांत ही सोय तयार असते, फक्त चालू करावी लागते, आणि लोक ती पहिला फटका बसल्यावरच शोधतात.

आता चिठ्ठी नीट लिहू या असं ठरलं. पण त्याआधी ती कुठे बसून लिहायची ते सांगतो, कारण मला सर्वांत जास्त फोन यासाठी करावे लागतात. क्लस्टरवर तुम्ही लॉगिन करता तेव्हा ज्या संगणकावर उतरता तो लॉगिन नोड. तो म्हणजे कार्यालयाची कचेरी: वही पाहा, पावती फाडा, दोन शब्द बोला. तिथे कढई चढवायची नाही. फाइल लिहिणं, छोटीमोठी कॉपी, जॉब टाकणं, एवढंच. तिथे कोणी खरा प्रोग्राम चालवला की बाकी सगळ्यांचे कर्सर गोठतात, आणि मग मी तो प्रोग्राम मारतो. न विचारता.

चिठ्ठी म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. वरच्या काही ओळी 'हॅश एस-बॅच'नं सुरू होतात, त्या व्यवस्थापकासाठी. खालच्या ओळी खऱ्या कामाच्या. भाचीची शेवटी ठरलेली फाइल वरून अशी दिसत होती:

#एस-बॅच --जॉब-नेम=सोया
#एस-बॅच --एन-टास्क्स=१
#एस-बॅच --सीपीयूज-पर-टास्क=८
#एस-बॅच --मेम=१२जी
#एस-बॅच --टाइम=०४:००:००
#एस-बॅच --अ‍ॅरे=१-४८%८

दोन बारकावे. या ओळी पहिल्या खऱ्या कमांडच्या वरच हव्यात. मध्ये एखादी कामाची ओळ आली की त्याखालच्या मागण्या स्लर्म वाचत नाही, आणि वाचल्या नाहीत असं सांगतही नाही. दुसरा: फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून चढवली असेल तर ओळींच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह येतं आणि जॉब रांगेत टाकणारी कमांड, एस-बॅच, 'डॉस लाइन ब्रेक' म्हणून फाइल परत करते. हे निदान सांगून परत करते, एवढं बरं.

पण या फाइलमधले आठ, बारा आणि चार हे आकडे आले कुठून? शनिवारच्या चिठ्ठीत आठ कोअर, १८० जीबी मेमरी आणि सात दिवस होते. १८० का, तर लॅबमधल्या सीनियरच्या फाइलमध्ये तसं होतं. आणि सीनियरच्या फाइलमध्ये का, तर त्याच्या सीनियरच्या. आमच्या क्लस्टरवर असे वंशपरंपरागत आकडे पुष्कळ फिरतात.

१८० जीबी मागण्याचा परिणाम पाहा. नोडमध्ये १९२ जीबी. तिचा जॉब आठ कोअर घेऊन बसला की उरलेले ३२ कोअर मोकळे असूनही बिनकामाचे, कारण मेमरी शिल्लक नाही. आठ माणसं जेवायला आणि चाळीस पाटांवर रुमाल टाकून ठेवलेले. आणि गंमत अशी की यात तिचाही तोटा, कारण अख्खा नोड रिकामा होईपर्यंत तिलाच ताटकळावं लागणार. पोटापुरतं मागितलं असतं तर कुठल्याही अर्ध्या भरलेल्या नोडच्या कोपऱ्यात जागा मिळाली असती.

पोटापुरतं म्हणजे किती, हे ठरवायला अंदाज नको, मोजमाप हवं. मी तिला एका वाणाच्या ओळींपैकी फक्त दहावा हिस्सा वेगळा काढायला सांगितला आणि त्यावर चाचणी जॉब टाकला. एस-बॅच पुढे फाइलचं नाव, एंटर, आणि उत्तरादाखल जॉबचा नंबर. हा नंबर जपायचा. पुढची सगळी विचारपूस त्याच्यावर चालते.

दोन तास पाच मिनिटांनी जॉब संपला. तोवर ताईकडची भाकरी-पिठलं होऊन गेलं होतं. आता खरी कामाची कमांड: सेफ. ही स्लर्मसोबत येणारी छोटी पुरवणी आहे आणि बहुतेक ठिकाणी बसवलेली असते. नसेल तर एस-अ‍ॅक्ट या कमांडमधून तेच आकडे काढता येतात. सेफ पुढे जॉबचा नंबर दिला की ती संपलेल्या जॉबचं प्रगतिपुस्तक दाखवते. भाचीच्या जॉबची मेमरी: मागितली १८० जीबी, लागली ९ जीबीच्या आसपास. आणि सीपीयूची, म्हणजे मागितलेल्या कोअरची, कार्यक्षमता: १२.४ टक्के.

"बारा टक्के? म्हणजे मशीन स्लो आहे?" भाची.

मी म्हटलं, शंभराला आठनं भाग. साडेबारा. आठ कोअर मागितले होते, त्यातला एकच राबत होता, सात जण हातावर हात धरून बसले होते. कारण व्यवस्थापकाकडून आठ कोअर घेणं वेगळं आणि आपल्या प्रोग्रामला 'तुझ्याकडे आठ आहेत' हे सांगणं वेगळं. ती जो जुळवणीचा प्रोग्राम वापरते, बीडब्ल्यूए, त्याला थ्रेडची, म्हणजे एका वेळी किती हातांनी काम करायचं याची, संख्या वेगळी द्यावी लागते; नाही दिली तर तो एक धरतो. लॅपटॉपवर दीड दिवस का लागला होता, तेही तेव्हाच कळलं. तिचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्या जागी आकडा हातानं लिहू नये. स्लर्म जॉबच्या आत 'सीपीयूज-पर-टास्क' नावाचा एक चल भरून देतो, तोच लावावा. मग वर आठाचे सोळा केले तरी खाली आपोआप बदलतं.

इथेच आणखी एक गोंधळ उरकून घेतो. 'टास्क' आणि 'टास्कमागे सीपीयू' या दोन वेगळ्या मागण्या आहेत. आठ टास्क म्हणजे आठ स्वतंत्र माणसं, ती वेगवेगळ्या नोडवरही बसवली जाऊ शकतात. एक टास्क आणि त्याला आठ सीपीयू म्हणजे एकच माणूस, आठ हातांचा, एकाच नोडवर. एमपीआयवर, म्हणजे अनेक नोडवरच्या प्रोग्रामांना आपसात निरोप धाडायच्या पद्धतीवर, लिहिलेले प्रोग्राम पहिल्या जातीचे, बीडब्ल्यूए दुसऱ्या. आपला कुठल्या जातीचा ते माहीत नसेल तर चिठ्ठी लिहायला बसतानाच कोणाला तरी विचारा.

थ्रेड दिल्यावर तीच चाचणी १७ मिनिटांत संपली. आठपट नाही, सातपटीच्या थोडं वर. काही काम वाटलंच जात नाही: फाइल उघडणं, शेवटी सगळं एकत्र करून लिहिणं. न वाटता येणारा तो भागच वेगाची कमाल मर्यादा ठरवतो, हे जीन आम्डालनं १९६७ मध्येच मांडून ठेवलंय. म्हणून सोळा कोअर मागून निम्मा वेळ लागेलच असं नाही, आणि चाळीस मागणं तर बहुधा उधळपट्टी.

दहाव्या हिश्श्याला १७ मिनिटं, तर पूर्ण वाणाला १७० च्या आसपास, पावणेतीन-तीन तास. त्यावर तासाभराची गंगाजळी, म्हणून चार. मेमरी ९ लागते, म्हणून १२. फार काटकसरही नको. मेमरी कमी पडली की जॉब 'आउट ऑफ मेमरी' म्हणून तिथल्या तिथे मारला जातो, त्यात सूट-सवलत नाही. आउटपुटमध्ये नुसता १३७ हा आकडा दिसला तरी आधी मेमरीवरच संशय घ्यावा. वीस-तीस टक्के वर मागणं हा शहाणपणा, वीसपट मागणं म्हणजे पाटांवर रुमाल.

आता ४८ वाण. अनुभवी मंडळीही इथे ४८ फाइली बनवतात, किंवा लूप लावून एस-बॅच ४८ वेळा ठोकतात. गरज नाही. वरच्या फाइलमधली शेवटची ओळ, अ‍ॅरे, हेच काम करते: एकच चिठ्ठी, १ ते ४८ क्रमांकाचे जॉब, आणि टक्क्याच्या चिन्हापुढचा ८ म्हणजे एका वेळी आठाहून जास्त चालवू नकोस. प्रत्येक जॉबला आपला क्रमांक कळतो. वाणांची नावं एका फाइलमध्ये ओळीनं लिहून ठेवली की सतराव्या जॉबनं सतरावी ओळ उचलायची.

आठच का? नियम नाही, पण हिशोब असतो. ४८ जॉब, आठ कोअर, तीन तास म्हणजे १,१५२ कोअर-तास तिच्या नावावर चढणार. तिच्या खात्यात वापर जितका साठेल तितकं पुढच्या वेळी तिचं नाव खाली सरकतं. याला फेअरशेअर म्हणतात. तुम्ही कोण आहात याला त्यात महत्त्व नाही, अलीकडे किती खाल्लंत याला आहे. जुना वापर हळूहळू विसरला जातो. स्लर्मच्या मूळ सेटिंगमध्ये दर सात दिवसांनी त्याचं वजन निम्मं होतं, जागोजागी हा आकडा बदललेला असतो. त्यामुळे महिनाभर शांत बसलेल्या माणसाचा जॉब कालपासून दोनशे जॉब टाकणाऱ्याच्या पुढे गेला, तर तो वशिला नसतो. मला हे समजावून सांगून घसा बसलाय. बाकी, ४८ च्या ४८ एकदम एकाच डिस्कवर तुटून पडले की सगळ्यांचंच वाचन-लेखन रखडतं, हेही आठाचं एक कारण.

रात्री नऊला जॉब सुटले. एस-क्यूमध्ये आठ ओळी 'आर' आणि एक ओळ 'पीडी' दिसली, तिच्यात उरलेले चाळीस एकत्र.

त्यानंतरचं लक्ष ठेवणं. नवीन माणूस दर दोन सेकंदांनी एस-क्यू फिरवत बसतो. तसं करू नका. प्रत्येक विचारणा त्या एकाच मॅनेजरकडे जाते आणि पन्नास जणांनी असा तगादा लावला तर तो रांग हलवायची सोडून उत्तरंच देत बसतो. फाइलमध्ये मेलची ओळ टाका, संपल्यावर आणि फसल्यावर स्लर्म स्वतः कळवतो. सुरू कधी होईल याचा अंदाज हवा असेल तर एस-क्यूला '--स्टार्ट' जोडून पाहा, पण त्या वेळेवर पाहुणे बोलावू नका. कोणाचा जॉब लवकर संपला की ती अलीकडे येते, कोणी वरच्या प्राधान्याचं आलं की पलीकडे जाते.

चालू जॉबच्या पोटात काय चाललंय हे त्याच्या आउटपुट फाइलमध्ये दिसतं. तिचं शेपूट 'टेल'नं पाहत राहावं. पायथन भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना: फाइल तासन्‌तास कोरी दिसली तर जॉब मेला असं समजून तो मारू नका. पायथन लिहिण्याजोगा मजकूर पोत्यात साठवतो आणि पोतं भरलं की एकदम ओततो. '-यू' लावलं की ओळ तयार होताच फाइलमध्ये पडते. खरंच मारायचा असेल तर एस-कॅन्सल आणि नंबर. अ‍ॅरेतला एकच मारायचा तर नंबरापुढे अंडरस्कोअर आणि त्याचा क्रमांक. नुसता मोठा नंबर दिलात तर अख्खी पंगत उठते.

सोमवारी दुपारी चारला भाचीचा मेसेज आला: "मामा, ४७ कम्प्लीटेड, १ फेल्ड. सतरावा." मी विचारलं, एरर फाइल वाचलीस का? पाच मिनिटं शांतता. मग: "गझिप म्हणतोय फाइल मध्येच संपली." गझिप म्हणजे दाबून लहान केलेल्या फाइली उलगडणारा प्रोग्राम. तेव्हा दोष जॉबचा नव्हता. सतराव्या वाणाची फाइल लॅबमधून चढवतानाच अर्धी तुटली होती, कॉपी चालू असताना तिकडे लाइट गेले होते. ती पुन्हा चढवायची, आकार मूळ फाइलशी ताडून पाहायचा, आणि सगळे ४८ परत न टाकता अ‍ॅरेच्या ओळीत फक्त १७ लिहायचं. तिनं तसं केलं आणि साडेचारला मेसेज केला, "टाकला. कारण प्रायॉरिटी दाखवून राहिलाय. अटकलाय का?"

मी लिहिलं, नाही, रांगेत आहे. चहा घे.